नलारबॉरवर स्कूटरचा एक दिवस : बॅलाडोनिया ते मडूरा

ऑस्ट्रेलियात पर्थहून ॲडलेडला रस्त्याने निघाले की नॉर्समन या गावापाशी एअर महामार्ग सुरू होतो आणि तिथून पोर्ट ऑगस्टापर्यंत सुमारे १,६६० किलोमीटर चालत राहतो. १८४०-४१ साली एडवर्ड जॉन एअर याने हा मुलूख, म्हणजे नलारबॉरचे मैदान, किनाऱ्याकिनाऱ्याने पूर्वेकडून पश्चिमेकडे ओलांडला, त्याचे नाव या रस्त्याला मिळाले. रस्ता पूर्ण डांबरी व्हायला मात्र १९७६ साल उजाडावे लागले. आज हा दुपदरी, गुळगुळीत आणि व्यवस्थित आखलेला रस्ता आहे. ११० किंवा १२५ सीसीच्या स्कूटरवरून तो पार करता येतो आणि करणारे करतातही. अडचण रस्त्याची नसून दोन पंपांमधल्या अंतराची, वाऱ्याची आणि उजेडाची आहे.

संपूर्ण प्रवासाचे वेळापत्रक देण्याऐवजी या लेखात मी एकच दिवस घेतला आहे : बॅलाडोनिया ते मडूरा, सुमारे ३४० किलोमीटर, पश्चिमेकडून पूर्वेकडे. या एका दिवसात पेट्रोलविना १८२ किलोमीटरचा टप्पा येतो, ऑस्ट्रेलियातला सर्वांत लांब सरळ रस्ता येतो, घड्याळ पाऊण तासाने पुढे सरकते आणि शेवटी एक घाट उतरावा लागतो. हा दिवस नीट पार पडला तर पुढचे दिवस याच पद्धतीने जातात.

कागदपत्रांचे थोडक्यात सांगतो. भारताचा वैध परवाना आणि सोबत आंतरराष्ट्रीय वाहन परवाना असल्यास पाहुण्याला स्कूटर चालवता येते. मात्र ५० सीसीच्या वरच्या स्कूटरला तिथे मोटरसायकलच धरतात, तेव्हा आपल्या परवान्यावर केवळ मोटारगाडीची नोंद असेल तर भागणार नाही. आपले आयएसआय छापाचे हेल्मेट तिथे ग्राह्य नाही. ऑस्ट्रेलियन मानकाचे किंवा युरोपच्या ईसीई मानकाचे हवे. वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून चालते, हा मोठा दिलासा. ऋतू निवडताना डिसेंबर ते फेब्रुवारी हे महिने सरळ वगळावेत, कारण पुढच्या नलारबॉर रोडहाऊसपाशी डिसेंबर २०१९ मध्ये पारा ४९.९ अंशांवर गेला होता. एप्रिल-मे किंवा ऑगस्टअखेर ते ऑक्टोबर हा काळ बरा. पुढच्या सगळ्या वेळा मी सप्टेंबरअखेरच्या धरल्या आहेत.

आदली संध्याकाळ, बॅलाडोनिया

रोडहाऊस म्हणजे पंप, उपाहारगृह, काही खोल्या, तंबूची जागा आणि न्हाणीघर, सगळे एकाच मालकाच्या अंगणात. आपल्याकडच्या महामार्गावरच्या ढाब्याला पंप आणि लॉज जोडला तर जे होईल, साधारण तसे. आजूबाजूला गाव नसते. बॅलाडोनिया हे नाव नकाशावर गावासारखे दिसले तरी प्रत्यक्षात ते हे अंगणच. इथल्या छोट्या संग्रहालयात स्कायलॅबविषयीची मांडणी आहे. जुलै १९७९ मध्ये हे अमेरिकी अवकाशस्थानक कोसळले तेव्हा त्याचे तुकडे याच भागात पडले, आणि एस्परन्सच्या स्थानिक परिषदेने कचरा टाकल्याबद्दल नासाला ४०० डॉलरचा दंड ठोठावला. त्या वर्षी ‘स्कायलॅब पडणार’ म्हणून महाराष्ट्रातल्या गावोगावी लोकांनी धसका घेतला होता. ज्यांच्या घरी ती आठवण अजून सांगितली जाते त्यांनी इथे दहा मिनिटे जरूर काढावीत.

मग पंपावर यावे. पेट्रोल सकाळी न भरता संध्याकाळीच भरावे, आणि भरताना हिशेब करावा. नॉर्समनहून इथपर्यंतचे अंतर सुमारे १९० किलोमीटर आहे. तिथे टाकी काठोकाठ भरली असेल आणि इथे पुन्हा काठोकाठ भरली, तर वाटेत डब्यातून ओतलेले आणि आता पंपावर घेतलेले लिटर मिळवून त्यांनी किलोमीटरला भागावे. हा आकडा, म्हणजे याच सामानासह, याच वेगाला आणि त्या दिवशीच्या वाऱ्यात मिळालेला ॲव्हरेज, हाच उद्याच्या नियोजनाचा पाया. शहरात ४५-५० देणारी स्कूटर इथे तासाला ७५ किलोमीटरच्या वेगाने, मागे बोजा बांधून, चाळीसच्या आसपास येते. समोरून वारा असला तर तीसच्याही खाली उतरते. बहुतेक स्कूटरच्या टाकीत पाच-साडेपाच लिटर मावते. उद्याचा पहिला टप्पा, कायगूनाच्या पंपापर्यंत, १८२ किलोमीटरचा आहे. चाळीसच्या हिशेबाने साडेचार लिटर लागतील आणि टाकी पुरेल. अठ्ठावीसच्या हिशेबाने साडेसहा लिटर लागतील आणि तीस-चाळीस किलोमीटर अलीकडेच गाडी थांबेल. म्हणून पेट्रोलसाठीच बनवलेला, मान्यताप्राप्त, पाच लिटरचा लाल डबा भरून घेणे भाग आहे, वारा कसाही असो.

डबा कुठे ठेवायचा, याचे उत्तर स्कूटरने आधीच देऊन ठेवले आहे. पाय ठेवण्याच्या सपाट जागेवर, दोन पायांच्या मध्ये, दोन पट्ट्यांनी आवळून तो नीट बसतो. वजन खाली राहते आणि गळती झाली तर लगेच कळते. पहिल्या खेपेस मी झाकणातली रबरी चकती न तपासता निघालो होतो. साठ किलोमीटरनंतर उजवा बूट ओला का लागतो आहे हे पाहायला थांबलो, तेव्हा अर्ध्या लिटरच्या आसपास पेट्रोल मोज्याने पिऊन टाकले होते. तेव्हापासून डबा भरला की मी तो दोन मिनिटे आडवा धरतो आणि झाकणाभोवती बोट फिरवून पाहतो. डबा टाचेला लागणार नाही आणि सायलेन्सरपासून दूर राहील, एवढे बघावे.

पाण्याचा विचारही आदल्या रात्रीच करावा. या पट्ट्यात नदी नाही, ओढा नाही, गोड्या पाण्याची विहीर नाही. रोडहाऊसही बोअरचे खारे पाणी शुद्ध करून काटकसरीने वापरतात, त्यामुळे नळावर बाटल्या भरून मिळतील असे गृहीत धरू नये. एका माणसाला दिवसभरासाठी पाच लिटर आणि गाडी बंद पडून रात्र काढावी लागली तर आणखी तीन, असा माझा हिशेब असतो. हे पाणी डिकीत ठेवू नये. डिकीच्या खालीच इंजिन असते आणि दोन तासांत बाटलीतले पाणी चहाइतके गरम होते. पाणी मागच्या कॅरियरवर, डिकीत हत्यारे.

खाण्याचे म्हणाल तर रोडहाऊसमध्ये शाकाहारी माणसाची गाठ बहुधा बटाट्याच्या चिप्स, टोस्ट आणि चीज सँडविचशी पडते. पर्थहून निघताना दशम्या, चिक्की आणि शेंगदाण्याची कोरडी चटणी बांधून घेतली तर दोन-तीन दिवस बरे जातात. फळे आणि भाज्या मात्र मोजक्याच घ्याव्यात, कारण पूर्वेकडे जाताना सेडूना येथे वनस्पतिरोगांसाठी तपासणी नाका आहे आणि तिथे त्या टाकून द्याव्या लागतात. उलट दिशेने येणाऱ्यांना असाच नाका दोन राज्यांच्या सीमेवरच्या बॉर्डर व्हिलेजला लागतो आणि तिथे मधसुद्धा काढून घेतात.

झोपण्यापूर्वी शेवटचे काम घरच्यांना वेळ कळवण्याचे. मोबाइलची रेंज फार तर रोडहाऊसच्या आसपास मिळते, तीही सगळ्या कंपन्यांची नाही. ‘उद्या संध्याकाळपर्यंत मडूराहून निरोप येईल, रात्री अमुक वाजेपर्यंत आला नाही तर रोडहाऊसला फोन करा’ असे वेळ घालून स्पष्ट सांगावे. याशिवाय उपग्रहाला संकटसंदेश पाठवणारा छोटा बीकन अंगावरच्या खिशात असावा, सामानात नव्हे. गाडीवरून पडलेला माणूस सामानापर्यंत पोहोचेलच असे नाही. या बीकनची नोंदणी ऑस्ट्रेलियन मेरिटाइम सेफ्टी ऑथॉरिटीकडे विनामूल्य होते.

सकाळ : उशिरा निघावे

आपल्याकडे लांबच्या प्रवासाला पहाटे चारला निघण्याची रीत आहे. इथे ती सोडावी. सूर्य साधारण साडेपाचला उगवतो; त्याच्या आधीचा आणि नंतरचा एक-एक तास कांगारूंचा असतो. रस्त्याच्या कडेला दव आणि पाणी ओघळून जे गवत उगवते ते खायला ती येतात आणि प्रकाशझोत अंगावर आला की कोणत्याही दिशेला उडी मारतात. मोटारीचा यात बंपर जातो; स्कूटरवाल्याचे काय जाते हे सांगायला नको. शिवाय पूर्वेकडे जाताना कोवळे ऊन थेट डोळ्यांत येते. साडेसातला निघाले तर जनावरे सावलीला गेलेली असतात आणि सूर्य टोपीच्या रेषेवर आलेला असतो.

तोवरचा वेळ गाडीवर घालवावा. स्कूटर डबल स्टँडवर लावून, इंजिन गार असतानाच, पट्टी काढून ऑइल पाहावे. या इंजिनात सगळे मिळून लिटरभरही ऑइल नसते, आणि दिवसचे दिवस एक्सलेटर जवळजवळ पूर्ण पिळून चालवले की ते थोडे थोडे जळते. शहरात महिन्यातून एकदा पाहणाऱ्याने इथे रोज पाहावे आणि अर्ध्या लिटरची बाटली जवळ बाळगावी. टायरची हवा गार टायरमध्येच मोजावी. मागच्या चाकासाठी पुस्तिकेत दोन आकडे असतात, एकट्याचा आणि डबलसीटचा. मागे सामान बांधलेले असताना आपण डबलसीटच आहोत असे समजून मोठा आकडा धरावा. मग चाक हाताने फिरवत पूर्ण घेर बोटाने चाचपावा. खडीचा टोकदार तुकडा रबरात रुतलेला असेल तर तो इथेच, सावलीत, पंपाशेजारी काढलेला बरा.

बेल्टचा प्रश्न वेगळा आहे, कारण तो बाहेरून दिसत नाही. स्कूटरला साखळी नसते. इंजिनाची ताकद मागच्या चाकापर्यंत रबरी बेल्टने जाते आणि तो तुटला की इंजिन सुरू राहते पण गाडी जागची हलत नाही. प्रवासाआधी पर्थमध्येच नवा बेल्ट टाकून घ्यावा आणि जुना, जर अजून धड असेल तर, डिकीत ठेवावा. तो बदलायला लागणारी हत्यारे सोबत असावीत आणि एकदा तरी स्वतःच्या हाताने तो बदलून पाहिलेला असावा. रस्त्याच्या कडेला, माश्या तोंडावर बसत असताना, हे काम पहिल्यांदा शिकण्यासारखे नाही.

माश्यांचे आले तेव्हा सांगतो : चेहऱ्यावर ओढायची बारीक जाळी मिळते. गाडी चालू असताना तिची गरज नसते. थांबल्यापासून पाचव्या सेकंदाला भासते.

पहिले नव्वद किलोमीटर

बॅलाडोनिया सोडल्यावर साधारण पस्तीस किलोमीटर रस्ता हलकी वळणे घेतो. हे पस्तीस किलोमीटर म्हणजे चाचणी. वाऱ्याचा जोर आणि दिशा इथे समजते, बांधलेले सामान सैल होते का ते समजते. पंचविसाव्या किलोमीटरच्या आसपास सुरक्षित जागा पाहून थांबावे, पट्ट्या आवळाव्यात आणि गाडीच्या वेगाकडे प्रामाणिकपणे पाहावे. एक्सलेटर पूर्ण पिळूनही काटा साठच्या वर जात नसेल तर समोरचा वारा आपल्याला झेपणारा नाही. परत फिरावे. परतताना तोच वारा पाठीशी असतो, पेट्रोल फारसे जळत नाही, आणि बॅलाडोनियाला एक दिवस जास्त राहिल्याने खोलीच्या भाड्यापलीकडे काही बिघडत नाही. तिथल्या हिवाळ्यात (जून ते ऑगस्ट) आणि वसंताच्या सुरुवातीला वारा बहुधा पश्चिमेकडून असतो, म्हणून त्या दिवसांत पूर्वेकडे जाणाऱ्याचे नशीब बरे. पण वाऱ्याने आपल्याला लिहून दिलेले नाही.

याच न्यायाने संपूर्ण टप्प्याचा मध्य, म्हणजे ९१ वा किलोमीटर, मनात पक्का धरावा. त्याच्या आधी काही बिघडले आणि गाडी हळूहळू का होईना चालत असली तर मागे वळावे, नंतर बिघडले तर पुढे जावे. ही गोष्ट आधी ठरवलेली नसली की माणूस उन्हात उभा राहून अर्धा तास विचार करतो आणि तेवढ्यात पाणी संपवतो.

पस्तीस किलोमीटरनंतर पाटी येते आणि सरळ रस्ता सुरू होतो : १४६.६ किलोमीटर, मैलांत नव्वद, कायगूनापर्यंत एकही वळण नाही. ‘नलारबॉर’ हा शब्द लॅटिन, अर्थ ‘झाड नसलेला’, पण या सरळ रस्त्याच्या दोन्ही बाजूंना खुरटी मॅली झाडे आणि करडी-निळी खारट झुडपे सतत असतात. खरे निर्वृक्ष मैदान रस्त्याला थोडाच वेळ भेटते, तेही पुढे नलारबॉर रोडहाऊसच्या जवळ. उजाड वाळवंटाची अपेक्षा ठेवून येणारे इथे जरा खट्टू होतात. मला विचाराल तर ही झुडपे आहेत म्हणून वाऱ्याचा तडाखा थोडा तुटतो, आणि स्कूटरवाल्याला तेवढे सौंदर्य पुरे.

रोड ट्रेन

या रस्त्यावर स्कूटरवाल्याने एकच गोष्ट नीट शिकायची असेल तर ती रोड ट्रेनला वाट देण्याची. एका इंजिनामागे दोन किंवा अधिक ट्रेलर जोडलेल्या या ट्रकची लांबी छत्तीस मीटर आणि त्याहूनही जास्त असते. पश्चिम ऑस्ट्रेलियात त्यांची वेगमर्यादा १०० आहे, आपण ७५ ने चाललो आहोत. म्हणजे तो आपल्यापेक्षा तासाला फक्त २५ किलोमीटरने जास्त, सेकंदाला सातच मीटर पुढे सरकतो. मागचे अंतर, त्याची लांबी आणि पुढे सुरक्षितपणे आत यायचे अंतर धरून दीडशे मीटर होतात. त्याला वीस-बावीस सेकंद लागतात आणि तेवढ्या वेळात तो समोरून येणाऱ्या वाहनांच्या बाजूने सहाशे मीटर धावलेला असतो. हा हिशेब चालकाला तोंडपाठ असतो, आपल्यालाही असावा.

म्हणून दर अर्ध्या मिनिटाला आरशात पाहावे. क्षितिजावर पांढरा ठिपका दिसला की तो दोन-तीन मिनिटांत आपल्यामागे येणार आहे. आपण डाव्या पांढऱ्या रेषेच्या आत, तिच्या जवळ, एकाच वेगाने सरळ चालावे. घाबरून कडेच्या खडीवर उतरू नये. दहा-बारा इंचांचे चाक सत्तरच्या वेगाने खडीवर उतरले की हँडल हातात राहत नाही. हात हलवून ‘जा, जा’ अशी खूणही करू नये, कारण पुढचा रस्ता मोकळा आहे की नाही हे त्याला उंचावरून आपल्यापेक्षा चांगले दिसते. तो पूर्णपणे उजव्या बाजूला निघाला की मग मात्र एक्सलेटर हळूहळू सोडून पंचावनपर्यंत यावे. आता फरक पंचेचाळीसचा झाला आणि बावीस सेकंदांचे बारा झाले. ब्रेक लावू नये, नुसता हात सैल करावा.

हवेचा खेळ तीन भागांत होतो. ट्रकचे तोंड बरोबरीला आले की हवा डावीकडे ढकलते. ट्रेलर जात असताना वारा एकदम पडतो आणि गाडी किंचित त्याच्याकडे ओढली जाते. शेपूट गेली की थांबलेला वारा एका झटक्यात परत येतो. पहिला धक्का सगळे सांगतात, तिसरा कोणी सांगत नाही आणि नवखा माणूस तिथेच हलतो. स्कूटरला मोटरसायकलसारखी गुडघ्यांनी धरायला टाकी नसते, तेव्हा कोपरे सैल, छाती थोडी खाली आणि दोन्ही पाय फळीवर घट्ट, अशी बैठक घ्यावी. समोरून येणाऱ्या ट्रकच्या वेळी हेच सगळे एका सेकंदात उरकते. त्यासाठी दोनशे मीटर आधीच रेषेकडे सरकून राहावे आणि हेल्मेटची काच खाली घ्यावी, कारण धक्क्याबरोबर धूळ आणि बारीक खडी येते.

दुसरा धोका पंखांचा. रात्री मेलेले कांगारू सकाळी रस्त्यावर पडलेले असतात आणि त्यांच्यावर शेपटीच्या पाचरीसारख्या आकारामुळे ओळखू येणारे मोठे गरुड बसलेले असतात. दोन मीटरहून जास्त पसाऱ्याचे पंख घेऊन पोटभर खाल्लेला गरुड लगेच उडत नाही. तो मान वळवून आपल्याकडे पाहतो, दोन पावले चालतो, जड अंगाने पंख उघडतो, आणि बहुधा वाऱ्याला तोंड करून उठतो, मग ती आपली बाजू का असेना. कावळे उडाले म्हणजे रस्ता मोकळा झाला असे समजू नये. लांबूनच हॉर्न वाजवून वेग चाळीसवर आणावा आणि तो उठेपर्यंत थांबण्याची तयारी ठेवावी.

ताशी दहा मिनिटांचा थांबा घ्यावा. हवेवर गार होणाऱ्या छोट्या इंजिनाला त्याची गरज आहे आणि सरळ रस्त्यावर जडावलेल्या डोळ्यांना त्याहून जास्त आहे. थांबा रस्त्याला लागून असलेल्या विश्रांतीच्या ठरावीक जागांवरच घ्यावा आणि तिकडे वळताना वेग वीसवर आणावा. काही ठिकाणी डांबरावर पियानोच्या पट्ट्यांसारखे पांढरे पट्टे रंगवलेले दिसतील. ती रॉयल फ्लाइंग डॉक्टर सर्व्हिसची धावपट्टी, म्हणजे रस्ताच. १९२८ साली जॉन फ्लिन यांनी सुरू केलेली ही विमानातून डॉक्टर पाठवण्याची सेवा आजही इथे रुग्ण उचलते. त्या भागात फोटोसाठी गाडी उभी करू नये.

साधारण शंभराव्या किलोमीटरला, टाकी अर्ध्याच्या खाली गेली की, डबा रिकामा करावा. काटा लाल रेषेला टेकेपर्यंत वाट पाहू नये. इंजेक्शनच्या गाड्यांमध्ये पेट्रोलचा पंप टाकीतल्या पेट्रोलनेच गार राहतो. इंजिन बंद करून दहा मिनिटे थांबावे, फनेल किंवा डब्याची नळी टाकीच्या तोंडात आत घालावी, आणि वाऱ्याकडे पाठ करून उभे राहावे. ओतून झाल्यावर टाकीचे झाकण लावल्याची खात्री हाताने करावी, डोळ्यांनी नव्हे.

कायगूना : पेट्रोल आणि पाऊण तास

कायगूनाच्या पाच किलोमीटर अलीकडे रस्त्याजवळ जमिनीला एक भोक आहे. ही सगळी जमीन चुनखडीची असून आतून पोखरलेली आहे. बाहेरचा हवेचा दाब बदलला की खालच्या गुहांतली हवा या भोकातून आत-बाहेर करते. त्यावर हात धरला की कधी गार फुंकर लागते, कधी तळहात आत ओढला जातो. पाच मिनिटांचे काम आहे आणि पाय मोकळे होतात.

सगळे नीट जमले तर पावणेअकराला आपण कायगूनाच्या पंपावर असतो. तिथले घड्याळ साडेअकरा दाखवते. कायगूनाच्या पुढे बॉर्डर व्हिलेजपर्यंतच्या पट्ट्यात पर्थपेक्षा पाऊण तास पुढची वेळ पाळतात. कायद्याच्या पुस्तकात तिला जागा नसली तरी रस्त्यावर तिची पाटी आहे आणि स्वयंपाकघरे तिच्यावरच चालतात. भारतापेक्षा बॅलाडोनिया अडीच तास पुढे, कायगूनानंतर सव्वातीन तास पुढे. फोन ही वेळ स्वतःहून घेईलच असे नाही. मनगटावरचे घड्याळ हाताने पुढे करावे आणि घरी दिलेला शब्द नव्या वेळेत मोजावा.

इथे टाकी आणि डबा दोन्ही भरावेत, जरी पुढचा पंप ६५ किलोमीटरवरच असला तरी. दुपारी एखादा पंप बंद आढळणे अशक्य नाही, आणि डबा भरायला दोन मिनिटे लागतात. हेल्मेटची काच ओल्या फडक्याने पुसावी. सकाळभराचे किडे उन्हात वाळले की निघत नाहीत. जेवण करावे, एक लिटर पाणी प्यावे, साडेबाराला निघावे.

कायगूनाच्या दक्षिणेला, समुद्रकड्यांवर, एअरचा सोबती जॉन बॅक्स्टर याचे स्मारक आहे. २९ एप्रिल १८४१ च्या रात्री तो तिथे मारला गेला आणि त्यानंतर एअरने वायली या आदिवासी तरुणाच्या सोबतीने आल्बनीपर्यंतची वाट काढली. जायचा मोह होतो. तो रस्ता चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाड्यांचा आहे, स्कूटरचा नाही. कॉकलबिडीच्या आसपासचे गुहांकडे आणि पक्षी-निरीक्षण केंद्राकडे जाणारे फाटेही तसेच. डांबर सोडू नये.

दुपार आणि घाट

कायगूना ते कॉकलबिडी ६५ आणि कॉकलबिडी ते मडूरा सुमारे ९० किलोमीटर. याविषयी सांगण्यासारखे फार नाही. दुपारी दोनच्या सुमारास झोप येते. ती यायला लागली की गाणे म्हणून किंवा काच उघडून ती जात नाही, थांबून पंधरा मिनिटे सावलीत बसल्यानेच जाते. समोरून येणारे चालक स्टिअरिंगवरचे एक बोट उचलून नमस्कार करतात. उत्तरादाखल मान हलवली तरी चालते. हात सोडण्याची गरज नाही.

मडूराच्या जरा आधी पठार संपते. हॅम्प्टन पठाराच्या कडेवरून रस्ता खाली रो मैदानात उतरतो आणि दिवसभर सपाटीला सरावलेल्या डोळ्यांसमोर अचानक समुद्राच्या दिशेने पसरलेला हिरवट-करडा पट्टा येतो. आपल्या घाटांच्या मानाने हा उतार म्हणजे पोरखेळ आहे, पण स्कूटरला इंजिनाचा अटकाव मोटरसायकलपेक्षा कमी असतो आणि मागे बोजा आहे, तेव्हा उताराच्या आधीच वेग पन्नासवर आणावा आणि दोन्ही ब्रेक थोडे थोडे, सोडून सोडून लावावेत. माथ्यावर निरीक्षणाची जागा आहे. थांबायचे तर तिथेच.

तीन-सव्वातीनला मडूरा येते. सूर्य मावळायला अजून तीन तास असतात, आणि हे तीन तास मुद्दाम राखलेले आहेत. पंक्चर झाले असते, बेल्ट गेला असता, वारा फिरला असता तर ते खर्ची पडले असते. ‘आज बरेच लवकर आलो, पुढचे रोडहाऊस मंड्राबिला गाठून टाकू’ असा विचार हमखास मनात येतो. ते आणखी ११६ किलोमीटर आहे, आणि चार वाजल्यानंतर सूर्य आपल्या पाठीशी म्हणजे समोरून येणाऱ्या प्रत्येक चालकाच्या डोळ्यांत असतो. त्या उजेडात एवढीशी स्कूटर त्याला दिसत नाही. आणि पाठोपाठ कांगारूंची वेळ होते. खोली घ्यावी किंवा तंबू ठोकावा.

मडूराची वस्ती १८७६ मध्ये भारतातल्या ब्रिटिश फौजेसाठी घोडे पैदा करण्याकरिता झाली आणि ते घोडे युक्लाच्या किनाऱ्यावरून जहाजाने पाठवले जात. म्हणजे या वाटेने हिंदुस्थानाशी वाहतूक पूर्वीही झालेली आहे, फक्त वाहन वेगळे होते.

मग उरलेली कामे उरकावीत. इंजिन निवल्यावर ऑइल पाहावे, मागच्या टायरचा घेर पुन्हा चाचपावा, घरी निरोप धाडावा. उपाहारगृह किती वाजता बंद होते हे खोलीची चावी घेतानाच विचारावे, कारण इथले ‘आठ’ म्हणजे पाऊण तास पुढचे आठ. टाकी भरावी, डबा भरावा, दोन मिनिटे आडवा धरून झाकण तपासावे, आणि डायरीत किलोमीटर, लिटर आणि वाऱ्याची दिशा लिहून डबा खोलीच्या बाहेर, सावलीतल्या भिंतीला टेकवून ठेवावा.